लांबचा चेंडू

रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी तिनं सवयीनं उलटी केली, मागची तारीख बघायला डोळ्यांपुढे धरली, तर तारखेच्या जागी राखाडी मुंग्यांची एक रांग निघालेली. तिनं पट्टी जरा लांब धरली. मुंग्या थबकल्या. आणखी लांब धरली, हात कोपरात पार सरळ झाला, तेव्हा कुठं मुंग्यांचे आकडे झाले. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या आजी गालातल्या गालात हसत होत्या. वर्षानुवर्षं त्या याच दुकानातून याच गोळ्या नेत आणि जाताना काहीतरी सांगून जात.

"लागली वाटतं चाळिशी," आजी म्हणाल्या.

"छे हो, दिवा मंद झालाय इथला."

"मीही आधी दिव्यालाच नावं ठेवली. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी घरभर नवे दिवे लावले. मग चष्मा केला."

आजी गेल्या, पण त्यांचं हसू काउंटरवर तसंच राहिलं. रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानाची पाटी तिला इथून स्वच्छ दिसत होती. पाटीतल्या शेवटच्या अक्षराचा रंग उडाला होता, तोही. कोपऱ्यावर वळणाऱ्या सायकलवाल्याच्या बुटाची नाडी सुटलीय हे दिसत होतं. लांबचं सगळं जिथल्या तिथं होतं, हातातलं तेवढं विरघळायला लागलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी तिला चाळीस पूर्ण झाली होती. डोळ्यांनी इतकं वक्तशीर असावं याचं तिला नवल वाटलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखंही वाटलं. कारण औषधाच्या दुकानातली ही बाई देशाच्या फुटबॉल संघात खेळत होती. मधल्या फळीत, अठरा वर्षं. दुकानात हे एकट्या मालकाला माहीत होतं, आणि त्यांनाही ते रजेच्या अर्जापुरतंच. रस्त्यावर तिला कुणी ओळखत नसे. बायकांच्या संघाचे सामने बघायला येणारी माणसं बहुतेक खेळाडूंच्या घरचीच, त्यामुळे बाहेर ओळख वाढायची सोय नव्हती. पण फार वर्षांपूर्वी, ती नवी असताना, एका वार्ताहरानं लिहिलं होतं की हिचा पास गर्दीतून सुईसारखा निघतो. तेव्हापासून संघात तिचं नाव सुई पडलं, ते घरापर्यंत आलं आणि घरात मुक्कामाला राहिलं.

दुपारी ती घरी जेवायला आली. सराव चारला होता. तिनं चाळिशीची गोष्ट सांगितली तेव्हा सासूबाईंनी घास खाली ठेवला आणि मनापासून हसून घेतलं. "आता सुईलाच सुईत दोरा ओवता येईना म्हणजे कठीण झालं," त्या म्हणाल्या. सासूबाई संघाच्या सगळ्यात जुन्या प्रेक्षक. लग्न ठरलं तेव्हा होणारी सून अर्ध्या चड्डीत मैदानावर धावते हे कळून त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बघायला म्हणून आल्या, आणि मध्यंतरापर्यंत पंचाशी भांडायला लागल्या. त्यांचं आणि सुनेचं जे काही जमलं ते त्या दिवशी जमलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे हात धुतल्यावरही वंगणाचा वास यायचा आणि तो वास तिला आवडायचा, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. मुलगी पंधरा वर्षांची. तिच्याकडून काही आशा नव्हती. पाचव्या वर्षी घेतलेल्या फुटबॉलच्या बुटांत तिनं माती भरून रोपं लावली होती, आणि रोपं छान आली होती.

"आज सरांना सांगूनच टाकते," ती म्हणाली. "बस झालं आता. थांबते."

"गेल्या वर्षीही सांगणार होतीस," सासूबाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षी डोळे धड होते."

"आमच्याकडे दोर झिजला की लिफ्ट बंद ठेवतात," नवरा शांतपणे म्हणाला. "तुमच्याकडे दोर झिजला की म्हणतात, अजून दोन माणसं घ्या आत."

मैदान घरापासून चालत जाण्यासारखं होतं. खांद्यावर बॅग, बॅगेत बूट, आणि बुटांच्या दोऱ्यांत अडकलेली मागच्या आठवड्यातली वाळलेली माती. ती माती चालताना आत सळसळायची आणि तिला वाटायचं, कुणीतरी मागून कुजबुजत येतंय. काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. सर, मला वाटतं आता. नाही. सर, डोळे. नाही, डोळ्यांचं कशाला, खेळायला लांबचंच बघायचं असतं. सर, माझी मुलगी दहावीला आहे. मुलीला आई घरी नसलेलीच सोयीची पडत होती. प्रत्येक कारण हातात घेतलं की मुंग्यांसारखं पळत होतं. खरं कारण तिलाच धड दिसत नव्हतं. पाय दुखतात हे खरं, पण पाय विसाव्या वर्षीही दुखायचे. आताशा खेळताना तिला कंटाळा येत होता, आणि फुटबॉलचा कंटाळा येऊ शकतो ही गोष्ट इतकी लाजिरवाणी होती की ती कुणाला सांगणं शक्य नव्हतं. चेंडू यायचा, ती तो जवळच्या कुणाच्या तरी पायात नेऊन ठेवायची, जशी ती दुकानात पिशवी लोकांच्या हातात द्यायची. घ्या. सुटे आहेत का. पुढचे. चुका होत नव्हत्या. खरं म्हणजे अलीकडे तिच्याकडून काहीच होत नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा वास भरून राहिला होता. या खोलीत पूर्वी कुणाचं कुणाशी जमलंय याची चर्चा चालायची. मग ती लग्नांवर आली, मग मुलांच्या दुधाच्या पावडरीवर, मग शाळाप्रवेशावर, आणि आता साखर आणि गुडघे. माणसं मात्र तीच. बाकांवरच्या जागाही त्याच; खिडकीखाली गोलकीपर मावशी, त्रेचाळीस वर्षांची, धोब्याचं दुकान चालवणारी, सगळ्यांच्या जर्सी धुऊन इस्त्री करून आणणारी. तिच्या शेजारी तोफ. तोफ आघाडीला खेळायची आणि आठवडाभर लोकांना मोटार शिकवायची. त्यामुळे तिच्या आवाजात कायम 'ब्रेक दाबा' असा एक सूर राहिला होता. सुई आणि तोफ संघात एकाच दिवशी आल्या होत्या. अठरा वर्षं एकीनं चेंडू द्यायचा आणि दुसरीनं घ्यायचा, असा तो संसार होता, आणि घरच्या संसाराहून दोन वर्षांनी जुना. तोफ आज अजून आलेली नव्हती.

"मावशी, मी आज सरांना सांगणारे," ती बुटाची नाडी बांधता बांधता हळूच म्हणाली. "थांबते."

मावशीनं हातातली जर्सी खाली ठेवली. "मी गेल्या वर्षीच सांगितलं."

"काय सांगतेस? मग?"

"म्हणाले, मावशी, तू गेलीस तर सुई राहील का? आणि सुई गेली की सगळा संघ उसवला. तेवढी पात्रता फेरी काढ. मग म्हटलं, तुझ्यासाठी काढू."

सुईनं नाडी तशीच सोडली. "मला दोन वर्षांपूर्वी म्हणाले, सुई, तू गेलीस तर मावशी एक दिवस राहायची नाही. मी तुझ्यासाठी राहिले."

पलीकडच्या बाकावर बचाव फळीतल्या दोघी बसल्या होत्या, दोघी एकाच शाळेत शिक्षिका. त्या एकमेकींकडे बघत होत्या. "आम्हाला म्हणाले, तोफेचं मन मोडेल," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मला तर म्हणाले, ही मोडेल," आणि पहिलीकडे बोट दाखवलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, मी तर लेखी दिलं होतं. मग खोलीत जे हसू उठलं ते थांबेना. प्रत्येकीनं कधी ना कधी जाऊन सांगितलं होतं. प्रत्येकीला दुसरीच्या नावानं मागे फिरवलं होतं. सगळ्या जणी एकमेकींवर उपकार म्हणून अजून खेळत होत्या. मावशीला हसून ठसका लागला, पाठ थोपटावी लागली. आणि हसता हसताच सुईला आतून गार झाल्यासारखं वाटलं: म्हणजे इथं स्वतःच्या हौसेनं आलेलं कुणीच नाही?

तेवढ्यात दारावर टकटक करून सर आत आले. साठीचे, घसा कायमचा बसलेला, आणि अंगात असा एक कोट की ज्याचे खिसे शिट्ट्यांनी लोंबत. त्यांनी खोलीकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"कुणी फोडलं?"

"सर, सगळ्यांना एकच वाक्य," मावशी म्हणाली. "निदान वाक्यं तरी वेगळी करायची."

"वाक्य चालत होतं," सर म्हणाले आणि बाकावर बसले. बसल्यावर ते एकदम लहान दिसायला लागले. "काय करू सांगा. तरुण संघ म्हणून जो कागदावर होता, त्यातल्या मुलींना बोलावलं. चार आल्या. चारातली एक हॉकीच्या मैदानावर गेली आणि तिला तेच आवडलं. शाळा झाल्या, कॉलेजं झाली. मुली आहेत, धावतात, नाही असं नाही. पण म्हणतात, सर, तुमच्या संघात जागा कुठं आहे? त्या अकरा जणी तर आम्ही पाळण्यात होतो तेव्हापासून आहेत. त्यांचं काय चुकलं? तुम्ही हलत नाही म्हणून त्या येत नाहीत, आणि त्या येत नाहीत म्हणून मी तुम्हाला हलू देत नाही. मला रात्री झोप लागत नाही हो."

तोफ आता दारात येऊन उभी होती आणि शेवटचं तेवढं तिनं ऐकलं होतं.

"मग आज काय?" तिनं विचारलं.

"आज सहा जणी आणल्यात. कुठून कुठून. खेळता येत नाही त्यांना, आधीच सांगतो. दोन गट करू. सुई, त्यांच्याकडे मधे कुणी नाहीये. तू त्यांच्याकडून खेळ."

अठरा वर्षांत ती कधी तोफेच्या विरुद्ध खेळली नव्हती. पिवळं जाकीट अंगावर चढवताना तिला परक्या घरात चुकून शिरल्यासारखं वाटलं. सहा जणी घोळका करून उभ्या होत्या, पाय आपटत, थंडी नसताना. त्यातली एक उंच, काटक, केस अगदी बारीक कापलेली. ती अग्निशमन दलात होती आणि बूटही दलाचेच घालून आली होती. तिला दुसरे बूट देण्यात आले. तोफेनं पलीकडून बघितलं आणि तिथल्या तिथं नाव ठेवलं, बंबवाली.

"काकू, मी कुठं उभी राहू?" बंबवालीनं विचारलं.

काकू. एका दिवसात चाळिशी आणि काकू. "तू पुढे," सुई म्हणाली. "आणि उभी राहू नकोस."

पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ होता. मुलींना चेंडू कुठं येणार ते कळत नव्हतं. त्या चेंडूच्या मागे सगळ्या एकदम धावत, जशी बसच्या मागे माणसं धावतात. मावशीच्या बाजूच्या बायका जागेवरून फारशा न हलता आपापसात चेंडू फिरवत होत्या आणि मधेच एखादी म्हणायची, अगं, पाणी प्या. दोन गोल झाले. सुई चेंडू घेऊन जवळच्या मुलीच्या पायात देई, ती मुलगी तो घाबरून परत सुईलाच देई, असा व्यवहार चालला होता. मग एकदा चेंडू उसळून तिच्याकडे आला. तिनं तो थांबवला. समोर उजव्या बाजूला, बचाव फळीच्या पाठीमागे, गवताचा एक मोकळा पट्टा तिला दिसला. लांबचा. अगदी स्वच्छ, चपलांच्या दुकानाच्या पाटीसारखा. तिथं कुणी नव्हतं. आणि तिच्या पायानं, तिला न विचारता, चेंडू तिथं मारला.

चेंडू पायावरून सुटला तेव्हा जो आवाज झाला तो तिनं लगेच ओळखला. लाकडी कपाटाचं दार नीट बसावं तसा. किती वर्षं झाली तो ऐकून. पूर्वी ती असंच मारायची, मानही वर न करता. कारण तिला माहीत असायचं की ती जागा रिकामी आहे, आणि हेही माहीत असायचं की चेंडू तिथं पोचेपर्यंत ती रिकामी राहणार नाही, तोफ तिथं असेल. तोफ धावायची तेव्हा मागून तिची वेणी आडवी व्हायची. मग एका परदेशातल्या सामन्यात, ओल्या गवतावर, तोफेचा गुडघा वळला. विमानात ती तीन खुर्च्यांवर आडवी झोपून आली आणि वाटभर विनोद करत आली. आठ महिन्यांनी ती परत खेळायला लागली. पहिल्याच सामन्यात सुईनं लांबचा चेंडू मारला, तोफ निघाली आणि मधेच थांबली, चेंडू बाहेर गेला, आणि तोफेनं हात वर करून 'माझी चूक' असं सांगितलं. तो वर गेलेला हात सुईला सोसला नाही. त्यानंतर तिनं चेंडू तोफेच्या पायात द्यायला सुरुवात केली. आधी एक हात पुढे, मग वीतभर, मग नेमका पायात. कुणी काही ठरवलं नव्हतं. आजारी माणसाच्या ताटात आपण मऊ भात वाढायला लागतो, आणि तो बरा झाला तरी वाढत राहतो, तसं ते झालं होतं.

आता तो चेंडू मोकळ्या गवतावर पडून एकटाच पुढे घरंगळत होता आणि तिला वाटलं, गेला फुकट. तेवढ्यात तिच्या डाव्या बाजूनं वारा गेला. बंबवाली होती. ती धावत होती म्हणणं कमी पडलं असतं. कुठंतरी काहीतरी पेटलंय आणि आपल्याशिवाय विझायचं नाही, अशी ती निघाली होती. शाळेतल्या दोन बाईंच्या मधून ती गेली तेव्हा त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, रागानं नाही, कुतूहलानं. ती चेंडूपर्यंत पोचली. पोचली, आणि चेंडू तिच्या नडगीवर आपटून निसटला, मावशीनं तो आरामात उचलला.

"सॉरी, काकू," ती धापा टाकत ओरडली.

सुईच्या छातीत काहीतरी इतकं वेगानं उघडत होतं की तिला भीती वाटली. "पुन्हा," ती कसंबसं म्हणाली. "पुन्हा धाव."

त्यानंतर तिनं तिला किती चेंडू मारले ते तिलाही सांगता आलं नसतं. डावीकडे मारले, उजवीकडे मारले, डोक्यावरून मारले. बंबवालीला चेंडू थांबवता येत नव्हता, मारता येत नव्हता, ऑफसाइड म्हणजे काय हे दोनदा सांगावं लागलं. पण ती पोचत होती. प्रत्येक वेळी पोचत होती. शेवटी एक चेंडू तिच्या गुडघ्याला लागून मावशीच्या बगलेतून आत गेला आणि मावशीनंच टाळ्या वाजवल्या. सुई हसत होती. एकटीच, मैदानाच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून. मग तिची नजर तोफेकडे गेली. तोफ हसत नव्हती.

सराव संपल्यावर बाकीच्या आत गेल्या. तोफ कडेच्या पायरीवर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. सुई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. बसावं की नाही हे तिला कळेना. अठरा वर्षांत तो प्रश्न कधी पडला नव्हता.

"बस की," तोफ म्हणाली. "पाहुणी असल्यासारखी काय करतेस."

ती बसली.

"किती वर्षं झाली गं मला तसा चेंडू देऊन?"

"तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी विचारलं नाही."

"सहा. सात असतील."

तोफ पट्टीची गुंडाळी करत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. सुई घाबरली, तिला वाटलं ही रडतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि मला वाटत होतं," ती म्हणाली, "तुझाच पाय गेला. मला वाटलं, सुई बोथट झाली बिचारी, आता लांब पोचत नाही तिचा चेंडू. म्हणून मी धावायचीच थांबले. म्हटलं, आपण पुढे पळालो आणि हिला मारता आला नाही, तर चारचौघांत हिची शोभा होईल. घरी सांगायचे मी, तिच्यासाठी खेळतेय, मी सोडलं तर तिला सांभाळून कोण घेईल."

"तू मला सांभाळत होतीस?"

"मग काय तू मला?"

दोघी समोर बघत बसल्या. मैदानावर बंबवाली एकटीच चेंडू भिंतीवर मारत होती आणि तो दर वेळी भलतीकडे जात होता. सुईच्या मनात वर्षांमागून वर्षं उलटी फिरत होती. त्या सगळ्या सामन्यांत दोघी एकमेकींना जपत एकेक पाऊल जवळ येत गेल्या होत्या, आणि मधला सगळा मोकळा पट्टा त्यांनी वाऱ्यावर सोडला होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. पण त्यावरून सारखं हसू फुटत होतं, कारण केवढा हा मूर्खपणा, आणि केवढ्या मायेनं केलेला.

"गुडघा आता तसा ठीक आहे का?" तिनं विचारलं.

"तसा नाही. पण अगदीच तसाही नाही." तोफ उठली. "मी पुढच्या सामन्यानंतर थांबतेय. खरंच. मला आज त्या पोरीला बघून राग यायला हवा होता, आणि मला बरं वाटलं. ती येतेय ना पुढे, तर जाते. पण एक ऐक. त्या सामन्यात मला एक दे. वीतभरही आखूड करू नकोस. दया केलीस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर नाही पोचले. माझा गुडघा, माझी शोभा. तू का मधे पडतेस?"

त्या रात्री तिनं सरांना फोन केला आणि सांगितलं की ती थांबत नाहीये. सरांनी सावधपणे विचारलं, "कुणासाठी?" ती म्हणाली, "माझ्यासाठी," आणि तिकडून सरांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सामन्याचं पेपरात जे आलं ते आतल्या पानावर, चार ओळींत आलं. पात्रता फेरीत बलाढ्य पाहुण्यांविरुद्ध बरोबरी, एक-एक. उत्तरार्धात बदली म्हणून आलेल्या नवोदित खेळाडूनं गोल केला. तो गोल कसा झाला हे पेपरात नव्हतं. सुईनं मारलेला चेंडू बंबवालीच्या नडगीला लागला, तिथून त्यांच्या बचावपटूच्या पाठीला लागला, आणि पाठीवरून लाजत लाजत आत गेला. अग्निशमन दलाची सबंध तुकडी गणवेशात आली होती आणि त्यांनी इतका आरडाओरडा केला की पंचांनी खेळ थांबवून त्यांना गाडीचा भोंगा बंद करायला लावला. सासूबाईंनी त्या जवानांना पहिल्या अर्ध्यातच ऑफसाइड समजावून सांगितला होता. सामना संपल्यावर तीन मुली कुंपणापाशी उभ्या होत्या. सर त्यांच्याशी बोलताना दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं दाखवत होते, बहुधा जागा.

पण सुईला तो सामना आठवायचा तो उत्तरार्धाच्या सुरुवातीचा. चेंडू तिच्याकडे आला तेव्हा कडेला बदली खेळाडूची पाटी तयार होती, त्यावर तोफेचा आकडा होता. तोफेनं तो बघितला होता. तिनं हात वर केला नाही, हाक मारली नाही. ती नुसती निघाली. केस आता आखूड होते, वेणी नव्हती, धावताना ती जरा डावीकडे झुकत होती. सुईला ती किती वेगानं धावू शकेल ते माहीत होतं, चेंडू कुठं टाकला तर तो तिला नक्की मिळेल तेही माहीत होतं. पाय त्या नेमक्या, प्रेमळ अंतरासाठी वळायलाही लागला होता. तिनं तो वळू दिला नाही. तिनं जिथं जागा होती तिथं मारला, पूर्ण ताकदीनं, बावीस वर्षांच्या मुलीला मारावा तसा.

बाकावरून सर उभे राहिले. मावशी आपल्या गोलातून कुणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी ओरडली. चेंडू कोपऱ्याकडे पळत होता आणि तोफ त्याच्या मागे, शिव्या देत, कुणाला ते कळत नव्हतं, गुडघ्याला, चेंडूला, सुईला. त्यांची बचावपटू तिच्यापेक्षा पुढे होती, मग बरोबरीला आली, मग काय झालं कोण जाणे, तोफ घसरली की तिनं स्वतःला झोकून दिलं, आणि तिच्या बुटाचं टोक चेंडूला लागलं. चेंडू हळूच वळला, खांबावर टकटक करावी तसा आपटला आणि बाहेर गेला.

सुई धावत तिच्यापाशी गेली. तोफ पाठीवर पडली होती, हातपाय पसरून, केसांत गवत, आभाळाकडे बघत.

"लांब मारलास," ती म्हणाली.

"हो."

"चांगलाच लांब मारलास." तिनं उठायला हात पुढे केला. तो हात ओला होता, गरम होता, आणि सुईनं तो ओढला तेव्हा तिला त्याचं सगळं वजन लागलं.